घरच्या माणसांच्या बँडचं करिअर होऊ शकतं का? क्लॅन्सी बंधूंचं झालं

तुम्ही विचारलंय की घरच्याच माणसांनी लोकगीतं गाऊन आयुष्यभर पोट भरल्याचं उदाहरण आयरिश-अमेरिकन संगीतात आहे का. आहे, आणि माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे: क्लॅन्सी ब्रदर्स आणि टॉमी मेकम.

पॅडी, टॉम आणि लियम हे आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यातल्या कॅरिक-ऑन-शूर गावचे भाऊ. पॅडी आणि टॉम न्यूयॉर्कला आले ते नट व्हायला. ग्रीनिच व्हिलेजमधल्या चेरी लेन थिएटरात नाटकं करायचे, पण पैसे सुटेनात. म्हणून मध्यरात्री गाण्याच्या मैफली सुरू केल्या. नाटकाला हातभार म्हणून धरलेलं गाणं पुढे नाटकालाच मागे टाकून गेलं. मेकम नात्यातले नव्हते, पण तेही गाणाऱ्या घरातलेच. त्यांच्या आई सारा यांच्याकडे जुन्या गाण्यांचा एवढा साठा होता की गाणी गोळा करणारे लोक थेट त्यांच्या दारात यायचे. लियम आणि टॉमींची ओळखही अशाच एका संग्राहक बाईंमुळे झाली.

त्यांनी नेमकं काय केलं, तर घरात एकट्याने, संथ म्हटली जाणारी गाणी गिटार-बँजोच्या साथीने सगळ्यांनी मिळून खड्या आवाजात म्हटली. रंगमंचावर उभं कसं राहायचं, हे नटांना शिकवावं लागत नाही. माझ्या मते त्यांच्या यशाचा मोठा वाटा इथे आहे.

न्यूयॉर्कची थंडी म्हणून क्लॅन्सींच्या आईने पांढरे अॅरन स्वेटर (आयर्लंडचे जाड लोकरी स्वेटर) पाठवले आणि मॅनेजरने तोच गणवेश ठरवला. मार्च १९६१ मध्ये ते टीव्हीवरच्या एड सलिव्हन शोमध्ये गायले आणि अमेरिकाभर नाव झालं. मग आयर्लंडमध्येही लोक आपलीच गाणी नव्याने, अभिमानाने ऐकू लागले. मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

आता टिकण्याबद्दल. १९६९ मध्ये मेकम वेगळे झाले, तेव्हा चौथा भाऊ बॉबी त्यांच्या जागी उभा राहिला. १९७७ मध्ये पुन्हा जमवाजमव केली, तेव्हा भाचा रॉबी ओ'कॉनेल आला. माणूस कमी पडला की घरातूनच मिळायचा, आणि त्याला गाणी आधीच पाठ असायची! लियम आणि मेकम यांनी मधल्या काळात जोडीनेही बरीच वर्षं गायलं. १९८४ मध्ये मूळचे चौघे न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये पुन्हा एकत्र गायले.

ऐकायचं असेल तर १९६३ च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीपासून सुरुवात करा. मी अजूनही तीच लावतो.