शब्दांची यादी पाठ आहे, तरी रिकामी जागा चुकते

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. सातवीच्या प्रवेशासाठी ती आयएसईई या, अमेरिकेतील खासगी शाळांच्या प्रवेश परीक्षेची मधली पातळी देणार आहे. इंग्रजी शब्दसंग्रहासाठी आम्ही 1200 शब्दांची एक यादी घेतली असून त्यातील निम्मी तिला तोंडपाठ आहे. शब्द विचारला की ती अर्थ लगेच सांगते. सराव परीक्षेत मात्र वाक्यातील रिकामी जागा भरताना नेमके हेच शब्द चुकतात. 'नोटोरियस' म्हणजे 'प्रसिद्ध' हे तिला ठाऊक होते, म्हणून सर्वांच्या लाडक्या शिक्षिकेचे वर्णन करणाऱ्या वाक्यात तिने तोच पर्याय निवडला. तिचे शिक्षक म्हणतात की यादी बंद करा आणि तिला नुसते वाचू द्या. परीक्षेला पाच महिने उरले आहेत. यादी सोडावी का?
— एक पालक

उत्तर : आपल्या मुलीची स्मरणशक्ती उत्तम आहे, हे आपल्या पत्रावरूनच दिसते, त्यामुळे आणखी जोर लावून पाठांतर केल्याने हा प्रश्न सुटणार नाही. शब्दासमोर लिहिलेला एकशब्दी अर्थ हा त्या शब्दाचा फार लहान भाग असतो. तो शब्द चांगल्या अर्थाने वापरतात की वाईट, माणसासाठी वापरतात की वस्तूसाठी, त्याच्या आगेमागे साधारण कोणते शब्द येतात, यांपैकी काहीच यादीत येत नाही आणि रिकाम्या जागेचा प्रश्न बहुतेक वेळा नेमके तेच तपासतो. 'नोटोरियस' हा शब्द तिने गुन्हेगार, वाहतूककोंडी किंवा फसवणुकीसाठी बदनाम झालेला व्यापारी यांच्याविषयीच्या दोन-तीन वाक्यांत पाहिला असता, तर लाडक्या शिक्षिकेसाठी तो वापरताना तिचा हात आपोआप थबकला असता.

हा अनुभव केवळ आपल्या घरातला नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी 1987 मध्ये मुलांच्या शब्दशिक्षणावर लिहिलेल्या लेखात, शब्दकोशातील व्याख्या वाचून मुलांनी रचलेली वाक्ये दिली होती. 'इरोड' म्हणजे हळूहळू झिजवणे. त्याच्या व्याख्येत 'ईट आउट' असे शब्द होते, ज्यांचा रोजच्या बोलण्यातला अर्थ 'बाहेर जेवणे' असा आहे. ते वाचून एका मुलाने 'आमचे कुटुंब बरेचदा इरोड करते' अशा अर्थाचे वाक्य लिहिले. व्याख्या बरोबर होती आणि मुलाने ती लक्षपूर्वक वाचलीही होती. वाक्य मात्र हास्यास्पद झाले, कारण तो शब्द प्रत्यक्षात कोणाच्या संगतीने येतो हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

तरीही 'नुसते वाचू द्या' हा सल्ला मी जसाच्या तसा मान्य करणार नाही. वाचन हा शब्दसंग्रहाचा खरा पाया आहे, पण त्याची गती संथ असते. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून 1999 मध्ये मांडलेला अंदाज असा आहे की, सहज वाचनात भेटलेल्या 100 अनोळखी शब्दांपैकी साधारण 15 शब्दांचाच काही अर्थ वाचकाच्या पदरी पडतो. दहा वर्षांच्या वाचनासाठी हे प्रमाण पुरेसे आहे. पाच महिन्यांसाठी नाही. शिवाय मजकूर झेपणारा असावा लागतो. हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार, कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे 98 टक्के शब्द आधीपासून ओळखीचे असावे लागतात, म्हणजे 50 शब्दांमागे एखादाच अनोळखी चालतो. 300 शब्दांच्या पानावर ती पंधरा ठिकाणी अडत असेल, तर ते पुस्तक कितीही नावाजलेले असले तरी सध्या बाजूला ठेवावे.

संदर्भावरून अर्थ ओळखण्याविषयी एक भाबडी समजूत आहे की, वाक्य नीट वाचले की अर्थ आपोआप उलगडतो. ईसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्येच दाखवून दिले की सर्व संदर्भ सारखे नसतात. काही अर्थाकडे नेतात, काही मुग्ध राहतात आणि काही तर चक्क दिशाभूल करतात. 'सगळे हसत-खिदळत असताना तो एकटाच मोरोज चेहऱ्याने बसला होता' या वाक्यात 'मोरोज'चा रोख कळतो. 'तिने त्या मोरोज माणसाकडे पाहिले' यातून काहीही कळत नाही. 'आजोबांनी नातवाच्या प्रत्येक प्रश्नाला कर्ट उत्तर दिले' हे वाक्य वाचणारे मूल 'कर्ट' म्हणजे 'प्रेमळ' असे समजून पुढे जाईल, कारण आजोबा म्हटले की तेच मनात येते. प्रत्यक्षात तो शब्द तुटक, काहीशा उद्धट उत्तरासाठी आहे. म्हणून वाक्यावरून केलेला अंदाज हा तपासायचा अंदाज आहे, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे. शब्दाच्या घटकांवरून बांधलेल्या तर्कालाही हेच लागू आहे. 'इन' म्हणजे नकार असे धरून चालणारे मूल 'इनव्हॅल्युएबल'चा अर्थ 'कवडीमोल' असा करते, जो नेमका उलट आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आठवड्यातील पाच दिवस, रोज सहा नवे शब्द, एवढेच ठेवावे. पाच महिन्यांत साधारण 600 शब्द होतील. 1200 शब्दांशी तोंडओळख असण्यापेक्षा 600 शब्दांची खरी ओळख परीक्षेत अधिक कामी येते, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द यादीतूनच घ्यावेत, पण अर्थाचा रकाना झाकून. आधी तो शब्द असलेले एक समृद्ध वाक्य तिच्यासमोर ठेवावे, अर्थाचा अंदाज तिच्या शब्दांत वहीत लिहायला लावावा आणि 'वाक्यातल्या कोणत्या शब्दामुळे तुला असे वाटले?' हे विचारावे. हा प्रश्न टाळू नका, कारण सारे शिक्षण त्याच्या उत्तरात आहे. त्यानंतर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात अर्थ पडताळावा, तिथली आणखी दोन वाक्ये वाचावीत आणि शेवटी तिने स्वतःचे एक वाक्य रचावे. त्या वाक्यातून अर्थ व्यक्त व्हायला हवा. 'तो फ्रुगल होता' हे वाक्य चालणार नाही, कारण तिथे फ्रुगलच्या जागी उंच, आजारी किंवा श्रीमंत यांपैकी काहीही बसते. मराठी प्रतिशब्द लिहायला हरकत नाही, मात्र तो सर्वांत शेवटी आणि शब्दाच्या छटेसह लिहावा : 'फ्रुगल'पुढे काटकसरी, कौतुकाने, 'स्टिंजी'पुढे कंजूष, नापसंतीने.

उजळणीसाठी पुन्हा अर्थ विचारत बसू नका. तिचीच जुनी वाक्ये शब्दाच्या जागी रेघ ओढून दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी आणि मग दोन-तीन आठवड्यांनी तिच्यापुढे ठेवा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने स्मरण अधिक टिकते, हे कार्पिके आणि रोडिगर यांनी 2008 मध्ये परकीय भाषेतील शब्दांवरच केलेल्या प्रयोगातून दाखवले आहे.

रिकाम्या जागेचा प्रश्न सोडवताना तिने पर्याय झाकून ठेवावेत. वाक्य वाचून, तिथे काय यायला हवे ते आधी साध्या शब्दांत, अगदी मराठीतसुद्धा, मनात ठरवावे आणि मगच पर्यायांकडे पाहावे. पर्याय आधी पाहिले की ओळखीचा शब्द डोळ्यांत भरतो आणि वाक्य त्याच्यासाठी वाकवले जाते. 'नोटोरियस'च्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'हाउएव्हर' दिसले की वाक्य उलट वळणार. 'बिकॉज' आणि 'सिन्स' दिसले की कारण शोधायचे, मात्र 'सिन्स' कधी कधी केवळ काळ सांगतो. अपूर्णविरामानंतर बहुधा खुलासा येतो. अशा खुणांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय पहिल्या महिन्यातच लागू द्या. शब्दांचा अर्थ येत असूनही उत्तर चुकते, ते बऱ्याचदा हा एवढासा शब्द नजरेतून सुटल्यामुळे.

एका गोष्टीकडे शब्द संदर्भातून शिकवणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. आयएसईईच्या शाब्दिक विभागात या पातळीवर 20 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि त्यांत वाक्यपूर्तीबरोबर समानार्थी शब्दही असतात. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात आधाराला वाक्य नसते. आपण पुढे एसएसएटी या अशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेचा विचार केलात, तर तिच्या शाब्दिक विभागात समानार्थी शब्द आणि शब्दसंबंध (शब्दांच्या जोडीतील नाते ओळखणे) एवढेच असतात, वाक्यपूर्ती मुळीच नसते. म्हणून दर आठवड्याच्या अखेरीस त्या आठवड्याचे तीस शब्द वाक्याविना, सुटे विचारावेत. अडल्यास तिने स्वतःचे वाक्य आठवून त्यावरून अर्थ काढावा. प्रश्नामागे सरासरी अर्धा मिनिट मिळतो, त्यामुळे हा सराव शेवटच्या दोन महिन्यांत घड्याळ लावून करावा.

तेव्हा यादी फेकून देऊ नका. पाठ झालेल्या 600 शब्दांतून, ज्यांचे अर्थवाही वाक्य तिला लगेच रचता येत नाही असे शब्द आधी वेगळे काढा आणि रोजच्या सहा शब्दांत त्यांनाच पहिला मान द्या. वाचन रोज अर्धा तास चालू राहावे, पुस्तक तिच्या आवडीचे असावे आणि त्या वेळी वही-पेन्सिल हातात नसावी. परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांत नवा शब्द घेऊ नये, केवळ उजळणी करावी. आणि आयएसईईत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, एसएसएटीच्या मधल्या व वरच्या पातळीवर मात्र पाव गुण कापला जातो, हा फरक तिला आत्ताच सांगून ठेवा. आपल्या परीक्षेत वेळ संपत आला तरी एकही उत्तर कोरे ठेवण्याचे कारण नाही.