भिंत रंगवून किंवा नाटक बसवून शेजारी खरंच जवळ येतात का?

तुमच्या वसाहतीत दोनशे घरं आहेत, पण लिफ्टमध्येही कुणी कुणाला ओळख देत नाही. सगळ्यांनी मिळून भिंत रंगवावी किंवा नाटक बसवावं असं कुणीतरी सुचवलंय. त्यानं काही फरक पडतो, की सगळं फोटोपुरतंच, असं तुम्ही विचारलंय.

बरेचदा फोटोपुरतंच असतं. दहा-बारा वर्षं मी असले उपक्रम घेतोय आणि त्यातले पहिले दोन-तीन तर मीच फोटोपुरते केलेत.

पहिल्या भिंतीच्या वेळी मी एका चित्रकार मित्राकडून झकास रेखाटन करून घेतलं, भिंतीवर रेषा मारून ठेवल्या आणि प्रत्येक चौकटीत रंगाचा आकडा लिहिला. रविवारी साठेक माणसं आली, आकडे बघून रंग भरले, टाळ्या वाजल्या. तीन महिन्यांत त्या भिंतीवर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही. का करतील? चित्र माझं होतं. त्यांनी फक्त मजुरी केली होती, तीही फुकट.

अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. विषय शहरनियोजनाचा होता, पण कलेलाही ती तंतोतंत लागू पडते. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं बोलावलं जातं, माहिती दिली जाते, मत विचारलं जातं. वरच्या तीन पायऱ्यांवरच निर्णय त्यांच्या हातात येतो. माझी भिंत पार तळाशी होती.

दुसऱ्या भिंतीच्या वेळी मी कोरा कागद घेऊन गेलो. काय काढायचं यावर चार संध्याकाळी गेल्या. काहींना फुलं-पक्षी हवे होते, काहींना तोडलेलं जुनं झाड. एकीनं सुचवलं, रात्रपाळीच्या वॉचमनचं चित्र काढू. वॉचमन म्हणाला, माझं नको, माझ्या सायकलचं काढा. यावरून बरीच जुंपली. पण पाच वर्षांत ज्यांच्यात शब्द झाला नव्हता ती माणसं त्या चार संध्याकाळी समोरासमोर भांडत होती, आणि माझ्या लेखी उपक्रम तिथेच लागू पडला. रंगकाम नंतर दोन दिवसांत उरकलं. चित्र पहिल्याइतकं देखणं नव्हतं हेही सांगून टाकतो. सायकलचं मागचं चाक अंड्यासारखं झालंय.

नाटकाचा विचार असेल तर ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांची पद्धत बघा. १९७३ साली पेरूमध्ये ते काम करत असताना प्रेक्षकांनी उपाय सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, अशी रीत होती. नाटकातल्या बायकोनं फसवणाऱ्या नवऱ्याशी स्पष्ट बोलावं, असं एका बाईनं सुचवलं, पण नटांनी दाखवलेलं तिला काही केल्या पटेना. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच या आणि दाखवा. ती रंगमंचावर चढली आणि ‘स्पष्ट बोलणं’ म्हणजे तिच्या मते काय, ते तिनं झाडूनं दाखवलं. तिथून प्रेक्षकानंच नटाची जागा घ्यायची पद्धत पुढे आली. पुढे रिओ शहराचे नगरसेवक असताना (१९९३ ते १९९६) बोआल यांनी याच रीतीनं लोकांचे प्रश्न गोळा केले आणि त्यातून तेरा कायदे झाले. तुम्हाला कायदे करायचे नाहीत. पाण्याच्या वेळेवरून होणारं भांडण दहा मिनिटांत मांडा, ते अन्यायावर येऊन थांबू द्या आणि विचारा, ‘यांच्या जागी तुम्ही असता तर?’ पहिला माणूस उठेपर्यंतची शांतता जीवघेणी असते. ती सोसा, मध्ये बोलू नका.

तरी पहिल्यांदाच करत असाल तर मी कापडापासून सुरुवात करायला सांगेन. एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत अमेरिकेत १९८७ साली जी प्रचंड गोधडी वॉशिंग्टनमध्ये अंथरली, तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन बाय सहा फुटांचा, म्हणजे साधारण कबरीएवढा. माप सगळ्यांना एकच, आत काय शिवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि शेवटी सगळं जोडायचं. मी हीच युक्ती वीतभर चौकोनांवर उचलली. आपल्या घरातला एक जुना कपडा कापून आणायचा, एवढाच नियम.

एका वसाहतीत एक निवृत्त गृहस्थ वडिलांच्या सदऱ्याची बाही घेऊन आले आणि सुईत दोरा ओवताना पाच मिनिटं झगडत बसले. दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं, सुई दिव्यासमोर धरली. पार्किंगवरून ज्यांच्याशी त्यांचं दोन वर्षं बिनसलं होतं त्या शेजारीणबाईंनी न बोलता सुई काढून घेतली, ओवून परत दिली आणि पुन्हा आपल्या चौकोनाकडे वळल्या. त्यांची मैत्रीबित्री झाली नाही. पण पुढे बाईंची गाडी आडवी लागली तेव्हा काकांनी समितीला पत्र न लिहिता सरळ त्यांची बेल वाजवली. मला विचाराल तर या उपक्रमांचं फळ एवढ्याच आकाराचं असतं. यापेक्षा मोठं वचन देणाऱ्या आयोजकापासून सावध राहा.

कलाकार बोलावलात तर त्याला मानधन द्या, ‘समाजकार्य’ म्हणून फुकट राबवू नका. वेळ ठरवताना जे नेहमी गैरहजर असतात त्यांना विचारा: घरकामाला येणाऱ्या बायका, भाड्यानं राहणारी पोरं, रात्रपाळीवाले. रविवारी सकाळी दहाला तेच ते लोक येतात.

आणि पहिल्या संध्याकाळी पाचच जण आले तर पाच जणांवर सुरू करा. सुया मात्र वीस ठेवा, निम्म्या हरवतात.