हाताळलं, सांभाळलं की सांभाळून घेतलं?

प्रश्न असा आलाय की ‘अमेरिकेने पाकिस्तानला कसे हाताळले’ या मथळ्यात हाताळणे बरोबर आहे का, की तिथे सांभाळणे, सांभाळून घेणे असं काही हवं.

व्याकरणाने चूक नाही पण मला खटकतं. हाताळायचं ते प्रकरण, परिस्थिती, फार तर गर्दी. समोरचा उलटून आपलीच अडवणूक करू शकत असेल तर त्याला कसलं हाताळताय! आणि यांची तर १९५४ च्या लष्करी करारापासूनची दोस्ती, तीही रुसव्याफुगव्याची.

सांभाळणं म्हटलं की पोसणं आलं, ते पाकिस्तानला झोंबेल (आणि डॉलरचा हिशोब बघितला तर अमेरिकेला आवडेल).

सांभाळून घेणं मात्र वेगळं, त्यात चूक दिसत असून पदरात घेणं आहे. १९८५ मधे अमेरिकेच्या कायद्यात प्रेसलर दुरुस्ती आली, म्हणजे पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं सर्टिफिकेट अमेरिकेच्या अध्यक्षाने दरवर्षी द्यायचं तरच मदत मिळणार, आणि अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्धच्या लढाईसाठी पाकिस्तान हवा होता म्हणून रेगन देत राहिले, १९८९ मधे त्या फौजा परत गेल्यावरही थोरल्या बुशनी एकदा दिलं, पण गरज सरली होती आणि १९९० ला बुशनी हात आखडता घेतला. पैसे भरलेली एफ-१६ विमानंसुद्धा तिकडेच अडकली. तर १९९० पर्यंत सांभाळून घेतलं हे चपखल, कानाडोळा केला म्हटलंत तरी माझी हरकत नाही.

पण हाच शब्द २०११ ला लावाल तर फसाल. नोव्हेंबरमधे अफगाण सीमेजवळच्या सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक मेले, पाकिस्तानने अफगाणिस्तानात जाणारा नाटोचा रस्ताच बंद केला, कंटेनर सात महिने खोळंबले, अमेरिकेला मध्य आशियातून महागडा वळसा घालून सामान न्यावं लागलं. शेवटी जुलै २०१२ मधे अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटननी पाकिस्तानच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खारना फोनवर सॉरी म्हटलं तेव्हा कुठे रस्ता उघडला. इथे कोण कोणाला सांभाळून घेतंय? सांभाळून घ्यायला घेणारा वरचढ लागतो, आणि रस्ता तर पाकिस्तानच्या हातात. इथे जुळवून घेतलं म्हणा, आपल्याकडे लोकलमधे चौथ्या सीटवाल्याशी घेतात तसं, दोघंही अवघडलेले आणि उठायला कोणीच तयार नाही.

मथळ्यात जागा कमी असते हे कबूल, पण ‘जुळवून घेतले’ बसतं की.