द्राक्षमळ्यातली मजुरी

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

रविवारी धुळ्याजवळच्या ख्रिस्ती मंडळीत तुला बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायावर बोलायचंय आणि चार पुस्तकांत चार अर्थ वाचून तू गांगरली आहेस. पुस्तकं मिटव. उतारा मोठ्याने वाच, आणि मागचा १९ वा अध्यायही. तिथे येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? येशूचा द्राक्षमळ्याचा दृष्टांत त्याच बोलण्याच्या ओघात येतो: मालक दिवसभरात पाच वेळा मजूर बोलावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखंच एक नाणं, एक दिनार, देतो. मधला अध्यायाचा आकडा फार नंतरचा, तेराव्या शतकातला. तो बघून तू थांबू नकोस.

तुझ्यासमोर कापूस वेचणाऱ्या बाया बसतील. त्यांची मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढलं की प्रत्येकीची नजर आकड्यावर असते. दिवस कलताना आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली, हे ऐकून त्या चिडतील. चिडू दे. गोष्टीतले पहाटेचे मजूरही कुरकुरलेच ना! ती चीड यायच्या आत ‘दिनार म्हणजे तारण, पापातून सुटका’ सांगून मोकळी झालीस, तर गोष्टीतला दम गेला.

रूपकात्मक अर्थ जुना आहे, त्याला हसू नकोस. पोप ग्रेगरी यांनी मजूर बोलावण्याच्या पाच वेळा म्हणजे आदामापासून पुढचे पाच काळ, असं लावलं. ऐकायला सुरेख, पण पेत्राच्या प्रश्नाचं काय? मला चौथ्या शतकातला अंत्युखियाचा उपदेशक क्रिसोस्तम जवळचा वाटतो. याच दृष्टांतावर तो म्हणतो, की शब्दन् शब्द उकरत बसू नये, दृष्टांत कशासाठी सांगितला ते हाती घ्यावं.

इतिहासाच्या अंगानेही थोडं बघ. मजुराला सूर्य मावळायच्या आत पैसे द्यावेत, ही बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (२४:१५) आज्ञा. म्हणून मालक संध्याकाळीच हिशेब करतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घरच्या चुलीपुरती. आणि शेवटचे मजूर सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. मुकादमाची वाट बघत दिवस घालवलेल्या माणसाला सगळ्यात आधी हेच वाक्य ऐकू येईल. गरिबाच्या जागेवरून शास्त्र वाचण्याची ही रीत दलित ख्रिस्ती विचारवंतांनी आपल्याकडे नेटाने मांडली. ती घेच. मात्र त्यावरून मजुरीचा कायदा काढू नकोस. मालक बोलतो ते स्वतःच्या उदारपणाबद्दल.

एखादी आजी विचारेलच, “मंग दुसरा दिन सकायमा कामले कोन जाई?” घाईने उत्तर देऊ नकोस. मालकही शेवटी प्रश्नच विचारतो: मी उदार आहे हे तुला खुपतं का? तोच तिच्यापुढे ठेव आणि ती काय म्हणते ते ऐक.

टिपण गुरुवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ग्रीक शब्द दोनच्या वर दिसले तर मी खोडणार.

तुझा,
काका