छातीवर जॅग्वार, नावात प्यूमा

प्रश्न असा आला आहे : अर्जेंटिनाच्या रग्बी संघाला 'प्यूमाज' म्हणतात, पण त्यांच्या बिल्ल्यावरचा प्राणी ठिपक्याठिपक्यांचा, म्हणजे जॅग्वार आहे. एका मराठी बातमीत तर त्यांचे 'चित्ते' झालेले वाचले. संघांची टोपणनावं आणि शुभंकर प्राणिशास्त्राला धरून असायला नकोत का? आणि मराठीत लिहायचं तर काय?

आधी घोळ कसा झाला ते सांगतो. १९६५ साली हा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. यजमानांचं नाव 'स्प्रिंगबॉक', तिथल्याच एका कुरंगाचं. पाहुण्यांनाही एखादा प्राणी हवाच. तिथल्या एका पत्रकाराने बिल्ला पाहिला आणि दक्षिण अमेरिकेतलं मोठं मांजर म्हणजे प्यूमाच असणार, असा हिशेब लावला. वास्तविक प्यूमा अंगाने सरसकट तांबूस-भुरा, एकही ठिपका नाही. जॅग्वारच्या अंगावर काळी कडी असतात आणि कड्यांच्या आत पुन्हा ठिपके. चूक ढळढळीत होती, पण संघाने ती खोडून न काढता मिरवली. पुढे २०१६ साली सुपर रग्बी स्पर्धेत अर्जेंटिनाचा जो संघ उतरला, त्याचं नाव मात्र बिनचूक 'जॅग्वार' ठेवलं होतं. त्या स्पर्धेतला त्याचा डाव २०२० साली आटोपला. प्यूमा अजून खेळताहेत.

आता मूळ प्रश्न. माझं मत विचाराल तर टोपणनावाला प्राणिशास्त्र लावूच नये, आणि या बाबतीत माझा वकील पाणिनी आहे. अष्टाध्यायीत (२.१.५६) सूत्र आहे : 'उपमितं व्याघ्रादिभिः सामान्याप्रयोगे'. 'पुरुषव्याघ्र' हा समास या सूत्रातला. यातली खरी मेख शेवटच्या शब्दात आहे. दोघांतला समान गुण तोंडाने बोलायचा नाही. 'वाघासारखा शूर पुरुष' म्हणालात की शौर्य बोलून झालं, मग हा समास होत नाही. गुण ऐकणाऱ्याने ओळखायचा, आणि तेवढाच उचलायचा. पुरुषव्याघ्राला शेपूट आहे का, असं कोणी विचारत नाही. संघाचं नाव म्हणजे असाच अर्धा न बोललेला समास.

शिवाय प्राणिशास्त्र लावायचंच ठरवलं तर 'वाघांचा संघ' हीच मुळात अशक्य गोष्ट. वाघ एकटा हिंडतो, जॅग्वार एकटा, प्यूमा एकटा, बिबट्याही एकटा. मोठ्या मांजरांत संघ बांधायचा हक्क काय तो सिंहाला. चित्त्याचे नर दोघे-तिघे मिळून राहतात, तेव्हा फार तर टेनिसची दुहेरी.

'मास्कॉट' या शब्दाच्या रक्तातही प्राणी नाही. मूळ फ्रेंच शब्दाचं नातं जादूटोण्याशी. १८८० सालच्या एका फ्रेंच संगीतिकेमुळे तो सर्वदूर गेला, आणि त्यातली मास्कॉट ही चक्क एक मुलगी आहे, जिच्या पायगुणाने घराला बरकत येते. आपला 'शुभंकर' हा प्रतिशब्द म्हणूनच नेमका बसतो. तो शुभ करणारा असला की पुरे. (शुभंकर आणि बोधचिन्ह यांची मात्र गल्लत करू नये. बिल्ल्यावरचं चित्र हे बोधचिन्ह. मैदानाच्या कडेने नाचतो तो शुभंकर.)

चुकीची नावं किती सुखाने नांदतात पाहा. पिट्सबर्गचा आइस हॉकीचा संघ १९६७ साली खेळू लागला. त्यांच्या घुमटाकार क्रीडागृहाला लोक 'इग्लू' म्हणत. इग्लू म्हणून बर्फ, बर्फ म्हणून पेंग्विन! इग्लू उत्तर ध्रुवाकडचा आणि पेंग्विन, गॅलापागोसचा किंचित अपवाद सोडला तर, दक्षिण गोलार्धातला. सिंगापूरच्या फुटबॉल संघाला 'सिंह' म्हणतात. त्या बेटावर वाघ होते, सिंह कधीच नव्हता, पण शहराच्या नावातच 'सिंहपूर' असल्यावर करता काय? इंग्लंडच्या छातीवरचे तीन सिंह तर चिन्हशास्त्राच्या (म्हणजे युरोपातल्या घराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हांच्या शास्त्राच्या) जुन्या परिभाषेत 'लेपर्ड', म्हणजे बिबटे, होते. चालणारा आणि तोंड आपल्याकडे वळवलेला सिंह म्हणजे लेपर्ड, अशी त्या शास्त्राची रीत.

टोरंटोच्या 'रॅप्टर्स'चं उदाहरण मला जास्त आवडतं. हा बास्केटबॉल संघ १९९५ साली आला तेव्हा त्यांच्या चिन्हावरचा डायनोसॉर बिनपिसांचा होता. २००७ साली व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतण्याच्या गाठी सापडल्या, म्हणजे चित्र चुकलं. पण लॅटिनमध्ये 'रॅप्टर' म्हणजे हिसकावून नेणारा. चेंडू हिसकावणाऱ्यांना याहून चांगलं नाव शोधून सापडलं नसतं.

एका ठिकाणी मात्र मी बाजू बदलतो. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर फुलेको हा ब्राझीलमधला तीन पट्ट्यांचा आर्माडिलो. घाबरला की चेंडूसारखा गोल होणारा, म्हणून निवड झकास. पण त्याचं नावच पोर्तुगीजमधल्या फुटबॉल आणि परिस्थितिकी या दोन शब्दांना जोडून केलेलं, आणि प्राणी संकटात असलेला. त्याचं कवच निळं रंगवलं होतं. खऱ्याचं तपकिरी असतं. ज्या नावाने प्राण्याची ओळख करून द्यायचा पत्कर घेतला, त्याला प्राणिशास्त्राने जाब विचारावा.

राहिली मराठी. इथे आपलेच शब्द सैल आहेत. बोलण्यात 'वाघ' हा पट्टेरीही असतो आणि बिबट्याही. 'चित्ता' म्हणजे मूळ संस्कृत 'चित्रक', ठिपक्यांचा. इंग्रजीनेही हा शब्द आपल्याकडूनच उचलला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं आणि थेट २०२२ साली नामिबियाहून ८ चित्ते कुनोत आले. मधली ७० वर्षं शब्द होता, प्राणी नव्हता. मग तो दिसेल त्या ठिपकेवाल्याच्या अंगावर पडला, यात मला नवल वाटत नाही. तरी अर्जेंटिनाला चित्ता देणं म्हणजे खंडच बदलणं झालं.

'पँथर'चं भाषांतर तर करूच नका. फ्लोरिडाच्या संघाचा पँथर म्हणजे प्यूमा, तर कॅरोलायनाच्या चिन्हावरचा काळा, आणि काळा प्यूमा असल्याचा पुरावा नाही. काळे असतात ते बिबटे आणि जॅग्वार. शिवाय १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हापासून 'पँथर' हा मराठीत स्वतःच्या पायावर उभा असलेला शब्द आहे. तिथे बिबट्या की प्यूमा, असं कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा संघाबद्दल लिहिताना 'प्यूमा' आणि बिल्ल्याचं वर्णन करताना 'जॅग्वार', दोन्ही बरोबर. फक्त ते 'प्यूमाज' नको. 'वाघ आला, वाघ आले' तसं 'प्यूमा जिंकला, प्यूमा जिंकले'. अनेकवचन क्रियापद सांगतं, त्यासाठी इंग्रजी शेपूट लागत नाही. आणि घोडा-घोडेच्या चालीवर कोणी 'प्यूमे' केलेच, तर ते मात्र मला सोसणार नाही.