वाचकांचे प्रश्न: शेजारचा रिपीटर आणि आपला इनपुट

प्रश्न: डोंगरावरच्या आमच्या हॅम रेडिओ रिपीटरचा (आलेलं बोलणं पकडून पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) आउटपुट, म्हणजे पाठवण्याची फ्रिक्वेन्सी, १४५.६०० आणि इनपुट, म्हणजे ऐकण्याची, १४५.००० मेगाहर्ट्‌झ आहे. त्याच टॉवरवर दुसऱ्या क्लबने १४५.३०० वर रिपीटर लावला. त्यांचं बोलणं चालू असताना आमचा रिपीटर एकदा उघडला की बंदच होत नाही, त्यांचा फाटका आवाज येतो. इनपुटला ८८.५ हर्ट्झचा टोन (तो आला तरच रिपीटर उघडतो) लावूनही फरक नाही. त्यांना मात्र काहीच त्रास नाही.

उत्तर: दोन जोरदार सिग्नल कुठेतरी मिसळले की नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. गणित मांडून बघा. १४५.३०० ची दुप्पट २९०.६००. त्यातून तुमचे १४५.६०० वजा केले की उरतात १४५.०००, म्हणजे नेमका तुमचा इनपुट! दोन्ही ट्रान्समीटर एकदम चालू असले तरच हे घडतं. म्हणून आधी कुणीतरी तुमचा रिपीटर उघडावा लागतो, मग तो स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. त्यांच्या इनपुटवर, १४४.७०० वर, असं काही पडत नाही.

टोन फसतो, कारण तुमचा रिपीटर आउटपुटवरही ८८.५ पाठवत असणार. मिश्रणात तुमचा टोन जसाच्या तसा येतो आणि त्यांचा आवाज दुप्पट डेव्हिएशनने (फ्रिक्वेन्सीच्या हेलकाव्याने), म्हणून फाटका. आउटपुटचा टोन आजच बंद करा. रिसीव्हरच्या ऑडिओतून टोन गाळला जातो ना, तेही तपासा. अडकणं थांबेल, पण इनपुटवरचा कचरा राहील आणि हँडीवरचं (हातातल्या छोट्या सेटवरचं) अशक्त स्टेशन त्याखाली दबेल. त्यामुळे मूळ शोधायलाच हवं.

डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारी गाळणी) आणि रिसीव्हर यांच्यामध्ये, प्रीअँप (आलेला सिग्नल वाढवणारा भाग) असेल तर त्याच्याही आधी, ३ डीबीचा (सिग्नलची पॉवर निम्मी करणारा) अ‍ॅटेन्युएटर लावा. अँटेनाच्या केबलमध्ये मुळीच नको, ट्रान्समिटच्या पॉवरने तो जळेल. कचरा ३ डीबीने उतरला तर तो बाहेरून येतोय. ९ डीबीने उतरला तर मिश्रण रिसीव्हरमध्येच होतंय: प्रीअँप काढा, नाहीतर त्याच्याआधी १४५.००० ची कॅव्हिटी (तेवढीच फ्रिक्वेन्सी जाऊ देणारी गाळणी) घाला. मोजमाप सिग्नल जनरेटरशी ताडून घ्या, रेडिओवरच्या एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर) विसंबू नका.

बाहेरून येत असेल तर पहिला संशय त्यांच्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यावर, कारण दुप्पट होते ती त्यांची फ्रिक्वेन्सी. तुमचा सिग्नल त्यांच्या अँटेनातून उलटा आत शिरतो. त्यांच्या ट्रान्समीटरला आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायला सांगा, त्याच्या तिसऱ्या टोकाला पुरेशा वॉटचा डमी लोड (पॉवर शोषून घेणारा रोध), आणि पुढे लो-पास फिल्टर, कारण आयसोलेटर स्वतः हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) निर्माण करतो. तुमच्या ट्रान्समीटरलाही आयसोलेटर असावा. पाऊस पडला की त्रास कमी-जास्त होत असेल तर टॉवरचे गंजके बोल्ट, सैल क्लँप आणि तारेचं कुंपण बघा. एवढ्यानेही भागलं नाही तर एकाने फ्रिक्वेन्सी बदलावी. दोन आउटपुटमधलं ३०० किलोहर्ट्‌झचं अंतर तुमच्या इनपुट-आउटपुटमधल्या ६०० च्या बरोबर निम्मं आहे, तेच नडतंय.

प्रश्न: कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे आमच्याच फ्रिक्वेन्सीवरचा दूरचा रिपीटर ऐकू येतो. यंत्रात बिघाड आहे का?

उत्तर: नाही. गार हवेवर उबदार हवेचा थर बसला की व्हीएचएफ (या रिपीटरच्या पट्ट्यातल्या) लहरी त्याखालून खूप लांब जातात, ऊन चढल्यावर हे ओसरतं. दोन्ही रिपीटरना वेगळे टोन द्या, एकाला ८८.५, दुसऱ्याला १२३.०. अगदी शेजारचे टोन नकोत, डीकोडर (टोन ओळखणारा भाग) फसू शकतो.