‘त्याला समजवा’ या विनंतीबद्दल

पत्राचा सारांश: मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, अकरावीत त्याला 78 टक्के गुण मिळाले होते. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातील, सध्या डोंबिवलीत. वडिलांनी त्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दृष्टीने क्लास लावला आहे. मुलगा मात्र म्हणतो की तो आर्किटेक्ट होऊन गावी जाईल, बंद पडलेली घरे पर्यावरणपूरक पद्धतीने उभी करील आणि गाव पुन्हा भरेल. ‘गावातून बाहेर पडण्यासाठी मी काय सोसले हे त्याला ठाऊक नाही. हट्ट सोडला नाही तर फी भरणार नाही, असे मी बजावले आहे. नातेवाइकांना काय सांगू? कृपया त्याला समजवा,’ असे वडील लिहितात.

उत्तर: आपले पत्र वाचताना मला मुलाच्या गुणांची काळजी वाटली नाही, काळजी वाटली ती फी न भरण्याच्या इशाऱ्याची. बारावीच्या वर्षात ज्याला असे बजावले जाते तो मुलगा एक तर गप्प बसतो आणि मन नसलेल्या शाखेत चार वर्षे काढतो, नाहीतर बापाला हरवायचे म्हणून आपला विचार अधिकच घट्ट धरून ठेवतो. दोन्ही प्रकारांत त्याची आवड खरी आहे की तात्पुरती, हे तपासून पाहण्याची संधी हातची जाते. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे हा इशारा आपण मागे घ्यावा, आणि मागे घेतला असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.

नातेवाइकांचा प्रश्न आपण माझ्यापुढे ठेवायलाच नको होता. आपण सोसले ते खरे आहे, त्याबद्दल मला आदर आहे. परंतु त्या कष्टांचे चीज झाले की नाही हे मुलाच्या पदवीवर ठरत नाही. तो गावी जाण्याची भाषा करतो तेव्हा आपले गाव सोडणेच चुकीचे होते असा आरोप आपल्याला त्यात ऐकू येत असावा. तसा आरोप त्याने केलेला नाही. मात्र एक मुद्दा आपल्या बाजूने फार बळकट होता आणि नेमका तोच पत्रात नाही. आपल्या मुलाने गाव पाहिले आहे ते गणपतीत आणि मे महिन्यात, घरे माणसांनी भरलेली असताना. आपण तेच गाव जुलै महिन्यात, वीज गेलेली आणि दवाखाना दूर, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे पाहिले आहे. हे त्याला रागाने नव्हे, तपशीलवार सांगा. त्याच्या कामाला लागणारी ही माहिती कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही.

गावे रिकामी होत आहेत, ही मुलाला दिसलेली गोष्ट खोटी नाही. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 च्या जनगणनेत 16,15,069 भरली. त्याच दशकात सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया आढळल्या, म्हणजे कमावते पुरुष कोठे गेले हे वेगळे सांगायला नको.

त्याचा गैरसमज आहे तो पुढच्या पायरीवर, आणि तो आपल्या गैरसमजापेक्षा अधिक नुकसान करू शकतो. घरे सुंदर आणि निसर्गस्नेही झाली की माणसे परत येतील, असे त्याने गृहीत धरले आहे. माणसे घर वाईट होते म्हणून गेली नाहीत. रोजगार, शाळा आणि दवाखाना यांसाठी गेली. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे लोक परतले, कारण 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने पाणलोटाची कामे केली, पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घेणे आणि उसासारखी पिके बंद केली, आणि त्यातून शेती पुन्हा परवडू लागली. घरांचा क्रम त्यानंतर लागला. जपानमधील तोकुशिमा प्रांतातल्या कामियामा या डोंगराळ गावाने ओस पडलेली घरे वापरात आणली हे खरे, परंतु तेथेही आधी वेगवान इंटरनेट आले, 2010 मध्ये सानसान या कंपनीने एका जुन्या घरात आपले कार्यालय थाटले, आणि कोणता व्यवसाय गावाला हवा हे ठरवून त्या व्यवसायाच्या माणसांना घरे देण्यात आली. तरीही कामियामाची लोकसंख्या घटतेच आहे. घट थांबणार नाही हे मान्य करून उरलेले गाव चांगले कसे चालेल याचा विचार तेथील लोकांनी केला, आणि मला तो ‘गाव पुन्हा भरेल’ या घोषणेपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

याचा अर्थ आर्किटेक्टला काम नाही असा नाही. कोकणात हल्ली कौलारू घर पाडून स्लॅबचे घर बांधतात. दोन-चार पावसाळ्यांत स्लॅब गळू लागतो, मग त्यावर पत्र्याची शेड चढते. म्हणजे छपराचा खर्च दोनदा, आणि उन्हाळ्यात खोल्या तापतात त्या वेगळ्याच. लोक हे हौसेने करत नाहीत. माकडे कौले फोडतात, दरवर्षी मे महिन्यात कौले चाळून देणारा माणूस मिळत नाही, आणि घर दहा महिने बंद असेल तर वाळवी वाशांत शिरते. बंद घरात वर्षभर माणूस नसताना टिकेल, माकडांना दाद देणार नाही आणि गावातल्याच गवंडी-सुतारांना दुरुस्त करता येईल असे छप्पर जो बसवून दाखवील, त्याला मी खरा आर्किटेक्ट म्हणेन. त्यासाठी कच्छमधल्या मातीच्या गोल घरांची छायाचित्रे उपयोगाची नाहीत. भूजच्या हुन्नरशाला संस्थेने 2001 च्या भूकंपानंतर स्थानिक कारागिरांना हाताशी धरून उत्तम काम उभे केले, पण ते कच्छच्या पावसाला साजेसे. जेथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे मातीच्या भिंती टिकत त्या लांब पागोळ्यांमुळे आणि पावसाळ्यापूर्वी बांधलेल्या, झावळ्या विणून केलेल्या झापांमुळे. जांभा चिरा हाताशी असताना माती आयात केल्यासारखी वापरण्यात शहाणपण नाही.

आता शिक्षणाचे मार्ग. बी.आर्च. पाच वर्षांचे, प्रवेश नाटा या आर्किटेक्चरच्या अभिरुची चाचणीवरून किंवा जेईई मेनच्या पेपर 2 वरून, आणि बारावीला गणित असलेच पाहिजे. सुरुवातीची काही वर्षे उत्पन्न कमीच राहते, हे मुलाने ऐकून घ्यावे. परंतु त्याचे मन भिंतीपेक्षा पाणी, रस्ता, शाळा यांत अधिक रमत असेल, तर आर्किटेक्चर ही त्याची शाखाच नव्हे. त्याने सिव्हिल इंजिनीअरिंग किंवा बी.प्लॅन. (नियोजनाची पदवी) पाहावे, आणि पुढे आयआयटी मुंबईच्या सितारा या केंद्राचा, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शिकवणारा एम.टेक. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग आपल्या हट्टासाठी यादीत ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. त्याने स्वतःहून मागितले तर गोष्ट वेगळी.

यातले कोणते हे मी येथून ठरवू शकत नाही, आणि आपणही नाही. बारावीची परीक्षा संपल्यावर दोघांनी गावी जाऊन आपल्याच घराचे मोजमाप घ्यावे. किती वासे बदलावे लागतील, विहिरीला मे महिन्यात पाणी किती, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) घर कोणाच्या नावे आहे, सातबाऱ्यावर किती सहहिस्सेदार आहेत आणि त्यांतले किती जण दुरुस्तीला संमतीची सही देतील, हे सर्व त्याने वहीत लिहावे. कोकणातली कित्येक घरे वाळवीने नव्हे, या सह्या न मिळाल्याने कोसळतात. सहीसाठी चुलत्यांकडे जाण्याचे काम मात्र आपले आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ते जमणार नाही.

त्याला समजावण्याचे काम मी घेत नाही. पुढचे पत्र त्याने स्वतः लिहावे आणि सोबत त्या वहीतली पाने जोडावीत. मोजमापे लिहिताना त्याला कंटाळा आला होता का, हेही त्यात खरे खरे कळवावे.